स्टेबल, पण कशावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात आतल्या पानावर एका अपघाताची बातमी होती. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, ‘जखमींची प्रकृती स्थिर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले.’ एवढं वाचून मी पेपर मिटला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्या वाक्यातल्या एका शब्दाबद्दल मला आपल्या वाचकांशी बोलायचं आहे. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं. कापून छापायचं झालं तर शेवटची मागणी तेवढी ठेवावी, ही विनंती.

मी साखर पेठेत राहतो. अडतीस वर्षं सुताच्या डाईंगमध्ये काढली, त्यातली शेवटची वीस डाईंग मास्तर म्हणून. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, दोन वर्षांपूर्वी गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि तिसऱ्या दिवशी आयसीयूत हलवलं. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी त्यांच्या परीने खटपट केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास आयसीयूचं दार अर्धं उघडलं. ‘नातेवाईक कोण?’ म्हणून हाक आली. वहिनी आणि मी दोघंही उठलो. तरुण डॉक्टर होते, मास्क हनुवटीवर ओढलेला, डोळे जागरणाने लाल. म्हणाले, ‘बीपी मेंटेन आहे. पेशंट स्टेबल आहे.’ आणि आत गेले. सगळं मिळून दहा सेकंदं.

वहिनींनी हात जोडले. दोन दिवस न उघडलेला डबा उघडला आणि मला म्हणाल्या, ‘भावजी, दोन घास खाऊन घ्या आता.’ तेवढ्यात पुण्याहून पुतण्याचा फोन आला. तो स्टेशनच्या जवळच होता. ‘काका, हुतात्मा सहाला सुटते. येऊ का?’ हुतात्मा एक्स्प्रेस रात्री दहाच्या सुमारास सोलापूरला पोचते, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. मी त्याला म्हणालो, ‘अरे, डॉक्टर आत्ताच बोलले, स्टेबल आहेत. तू दोन रात्री झोपला नाहीस. आज नीट झोप, सकाळी निघ.’

दादा पहाटे तीन चाळीसला गेले. पुतण्या गाडी करून निघाला आणि टेंभुर्णीच्या अलीकडे असताना त्याला कळवावं लागलं. तेही मीच कळवलं.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. डॉक्टर खोटं बोलले का? मी पुष्कळ दिवस तसंच धरून चाललो होतो. पुढे वहिनींच्या माहेरची एक मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात आयसीयूत सिस्टर आहे. तिने फाईल मागून घेतली, एकेक कागद उलटून बघितला आणि मला समजावून सांगितलं. दादांचा रक्तदाब दुपारपासून रात्रीपर्यंत ११०/७० च्या आसपास होता, ही गोष्ट खरी. पण तो टिकवायला नॉरअॅड्रिनलिन नावाचं औषध पंपाने चालू होतं. दुपारी पंपाचा वेग ४ होता, संध्याकाळी ९, रात्री १५. बीपीचा आकडा जागच्या जागी, आणि तो जागी ठेवायला लागणारा जोर दर काही तासांनी वाढत चाललेला. ती म्हणाली, ‘काका, आम्ही आपसांत स्टेबल म्हणतो ते एवढ्याच अर्थाने, की मागच्या वेळी बघितलं तेव्हापासून आकडे हललेले नाहीत. स्टेबल म्हणजे जैसे थे. बरं आहे असा त्याचा अर्थ होत नाही.’

जैसे थे. कोर्टाच्या बातमीत रोज वाचतो तो शब्द. त्या संध्याकाळी दारात उभं राहून कोणी ‘जैसे थे आहे’ म्हणालं असतं, तर पुतण्याला मी सहाच्या गाडीत बसवलं असतं.

मग मी विचार करू लागलो, की एकच शब्द आमच्या घरात तिघांनी तीन तऱ्हेने कसा काय ऐकला?

वहिनींचं सांगतो. त्या वर्षी त्यांचं पुतण्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत हा शब्द हमखास येतो. ‘मुलगा स्टेबल आहे ना?’ म्हणजे नोकरी कायम आहे, हप्ते फिटत आलेत, राहतं घर स्वतःचं आहे, कुठे वेडंवाकडं काही नाही. सगळं मार्गी लागलंय असा त्याचा अर्थ. आपल्याकडे यालाच जम बसला, बस्तान बसलं, घडी बसली, स्थिरस्थावर झाला असं म्हणत. वहिनींच्या कानाला तो शब्द महिनाभर याच अर्थाने सवयीचा झालेला. त्यांनी दारात हात जोडले ते त्यामुळे.

पुतण्या कॉम्प्युटरमधला. त्याने मला पुढे एकदा सांगितलं, की त्यांच्या धंद्यात स्टेबल हा सगळ्यांत भरवशाचा शब्द आहे. डेबियन नावाची एक संगणक प्रणाली आहे, फुकट मिळते, जगभर वापरतात. तिचे एका वेळी तीन अवतार चालू असतात. अनस्टेबल, टेस्टिंग आणि स्टेबल. नवीन काही आलं की पहिल्यात जातं, तिथे तावूनसुलाखून दुसऱ्यात, आणि शेवटी स्टेबलमध्ये. ज्यांना धोका पत्करायचा नाही ते स्टेबल घेतात. पण त्यातही एक मेख आहे, असं तो म्हणाला. स्टेबल म्हणजे निर्दोष नव्हे. तुमच्या पायाखाली ती अचानक बदलणार नाही, दुरुस्त्या तेवढ्या येत राहतील, एवढीच हमी. हे सांगताना तो मध्येच थांबला. ‘काका, मला माहीत होतं की त्याचा अर्थ एवढाच आहे. तरी त्या दिवशी मी तो पूर्ण हमीसारखा ऐकला.’ दोघंही मग गप्प बसलो.

आणि मी? मी ऐकला ‘पक्का’.

डाईंगवाल्याच्या आयुष्यात स्टेबल हा शब्द पक्का या नावाने येतो. सोलापूरची चादर भौगोलिक मानांकनापर्यंत पोचली त्यात विणकामाचं नाव होतं, जॅकार्डच्या नक्षीचं नाव होतं. पण घरोघरी बाया चादर घेताना पहिला प्रश्न विचारतात तो, रंग पक्का आहे ना? दुकानदार म्हणतो, एकदम पक्का. ग्राहकाचं तेवढ्यावर समाधान होतं. डाईंगमध्ये मात्र एवढ्या उत्तरावर कोणी सुटत नाही. मी नवीन लागलो तेव्हा टबातून काढलेली लाल लडी मास्तरांपुढे धरून ‘पक्का झाला’ म्हणालो. त्यांनी वर न बघता विचारलं, ‘कशाला पक्का?’

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी कळवला. धुण्याला पक्का वेगळा, उन्हाला पक्का वेगळा, घामाला वेगळा, घासण्याला वेगळा. माझ्या हातातली लडी नॅप्थॉल जातीच्या रंगाची होती. नॅप्थॉलचा लाल धुण्याला चांगला टिकतो, साबणात घाला, सोड्यात घाला, पाणी निर्मळ राहतं. पण त्यांनी पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा घेतला, लडीवर दहा वेळा करकचून घासला आणि माझ्यापुढे धरला. तुकडा गुलाबी. मला तो तुकडा आजही डोळ्यांपुढे दिसतो.

त्यानंतर अडतीस वर्षं मी तेच करत आलो. लडीतले चार धागे घ्यायचे, पांढऱ्या कापडाच्या पट्टीला टाचायचे, साबण-सोड्याच्या गरम पाण्यात हलवत ठेवायचे, वाळवायचे, आणि करड्या पट्ट्यांच्या मापाशी लावून नंबर द्यायचा. धुण्याचा नंबर १ ते ५, पाच म्हणजे उत्तम. उन्हाचा १ ते ८. कागदावर नुसतं ‘पक्का’ लिहिलेलं कधी चाललं नाही. समोर कारण लिहावं लागे, धुण्याला ४, घासण्याला २. व्यापारी ते दोन आकडे बघून ठरवायचा की याची चादर करायची की सतरंजी.

व्हॅट म्हणतात त्या जातीचे रंग सगळ्यांत पक्के. ते मुळात पाण्यात विरघळतच नाहीत. कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायनं घालून त्यांना विरघळायला लावायचं, त्या अवस्थेत सुतात मुरू द्यायचं, आणि मग हवा लागली की ते परत न विरघळणारे होऊन धाग्याच्या आत अडकून बसतात. निळीच्या टबातून लडी वर काढली की पिवळट हिरवी असते. वाऱ्यावर धरली की बघता बघता निळी होत जाते. नवीन पोरं टबातला रंग बघून घाबरतात, रंग चुकला म्हणून ओरडतात. त्यांना सांगावं लागतं, थांब, आत्ता जे दिसतंय ते मधलं आहे, यावरून काही ठरवू नको.

ज्या माणसाने हे इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, त्याने त्या संध्याकाळी आयसीयूच्या दारात ‘कशाला पक्का?’ हा प्रश्न विचारला नाही. डॉक्टरांची चूक असेल तर दहा सेकंदांची. माझी त्याहून मोठी, कारण मला प्रश्न माहीत होता. तो तोंडातून बाहेर पडला नाही, कारण समोर पांढरा कोट होता आणि शब्द इंग्रजी होता. इंग्रजी शब्द ऐकला की आपण मान डोलावतो, विचारत नाही. संपादक महाशय, हे मी एकट्यापुरतं म्हणत नाही. कुठल्याही दवाखान्याच्या व्हरांड्यात तासभर बसून बघा.

या शब्दाचं कूळ काय, म्हणून मी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन मोठे कोश बघितले. इंग्रजीत स्टेबल दोन आहेत. एक स्थिर या अर्थाचा, दुसरा घोड्यांची पागा. दोन्ही लॅटिनमधून आलेले, आणि दोन्हींच्या मुळाशी ‘उभं राहणं’ आहे. पागा म्हणजे जनावरांची उभं राहायची जागा. तेच मूळ पुढे संस्कृतातल्या ‘स्था’ धातूशी जाऊन मिळतं, ज्यातून आपले स्थिर, स्थान, स्थावर, स्थिती आले. म्हणजे स्टेबल आणि स्थिर ही लांबची भावंडंच आहेत. आपला तबेला त्यांच्यासारखा वाटतो खरा, पण तो अरबीतून आलेला, त्यांच्या नात्यातला नाही. उलट ज्याचा विचारही कोणी करणार नाही तो कॉन्स्टेबल याच घराण्यातला निघाला. लॅटिनमध्ये पागेवरच्या अधिकाऱ्याला म्हणत त्यातून तो शब्द झाला. आणि आपलं ‘ठाणं’ आलं ते स्थान यावरून. तेव्हा पोलीस ठाण्यातला कॉन्स्टेबल म्हणताना आपण एकाच मुळाचे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवतो. मला हे वाचून फार बरं वाटलं. त्या दोन वर्षांत या शब्दाने मला दिलेला तेवढा एकच आनंद.

उभं राहणं हा मूळ अर्थ मनात धरला की पुढचा प्रश्न आपोआप येतो. उभं आहे, पण कशाच्या आधाराने?

आमच्या घरी फ्रीजच्या मागे स्टॅबिलायझर आहे. चैत्र-वैशाखात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि तो ‘टक’ करतो. आतला रिले तार बदलून घेतो आणि कमी आलेला दाब वाढवून पुढे देतो. त्याच्यावर दोन आकडे आहेत, आत येणारा आणि बाहेर जाणारा. बाहेरचा कायम २२० च्या आसपास. आतला कधी १९०, कधी १७०, एकदा १५५ बघितला. बाहेरच्या आकड्यावर नजर ठेवून बसलं तर घरात सगळं ठीक वाटतं. किती ताण चाललाय हे कळायला आतला आकडा बघावा लागतो. दादांचा ११० हा बाहेरचा आकडा होता. आतला आकडा त्या पंपावर होता, आणि तो आम्हाला कोणी वाचून दाखवला नाही.

दादा तरुणपणी नंदीध्वजाच्या सरावाला जायचे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, मकर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. तीसेक फूट उंचीची काठी, वर साज, आणि ती एका वेळी एकाच माणसाने तोलून चालायची. त्यासाठी आधी कित्येक आठवडे रात्री सराव चालतो. लांबून बघणाऱ्याला काठी शांत उभी दिसते. दादा मला जवळ नेऊन खाली बघायला लावायचे. ‘वर बघू नको, पाय बघ.’ पेलणाऱ्याचे पाय एक क्षणही स्वस्थ नसत. टाच उचल, बोटं दाब, गुडघा किंचित वाकव, कंबर फिरव. वारा आला की खांद्यापासून पोटरीपर्यंत सगळं अंग थरथरायचं आणि वर काठी तशीच सरळ. माणूस दमला की लगेच दुसरा पुढे होऊन काठी घ्यायचा. भोवती चालणारी जाणती माणसं काठीच्या टोकाकडे फारसं बघतच नाहीत, पेलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात. दमला की नाही ते तिथे आधी कळतं.

दादांच्या खाटेपाशी असं बघणारं कोणी नव्हतं असं मी म्हणत नाही. होतं. सिस्टर होत्या, त्यांनीच पंप वाढवला. त्यांनी बघितलेलं आमच्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच.

आपल्या भाषेत या सगळ्यासाठी शब्द नव्हते का? माझी आई शाळेत गेली नव्हती. घरात कोणी आजारी असलं आणि शेजारीण विचारायला आली, की ती म्हणायची, ‘तापाला उतार पडलाय.’ किंवा ‘आहे तसंच आहे.’ किंवा ‘जरा सावरलाय, पण अन्न जात नाही.’ किंवा आवाज खाली करून ‘अजून धास्ती आहे.’ या चार वाक्यांतलं प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं ते सांगतं. उतार पडलाय म्हटलं की शेजारीण घरी जायची. धास्ती आहे म्हटलं की ती पदर खोचून आत यायची, परगावच्या लेकीला तार जायची. आज या चारही वाक्यांच्या जागी एकच शब्द आला, आणि ऐकणाऱ्याने घरी जायचं की थांबायचं, हे त्यातून कळत नाही.

भिंत भक्कम असते, मन खंबीर असतं, ध्रुव अढळ असतो, रंग पक्का, नोकरी कायम, मत ठाम. खुर्ची डुगडुगत नाही. प्रत्येकाला आपापला शब्द आहे, कारण प्रत्येकाला हलवणारी गोष्ट वेगळी आहे. ‘स्थिर’ हा शब्द चांगला आहे, पण तो पातळी सांगत नाही. आपल्याच अंकात बाजारभावाच्या रकान्यात ‘कांदा स्थिर’ असं येतं. मंगळवेढ्याकडचे माझे एक नातेवाईक मार्केट यार्डात कांदा घेऊन येतात. पडलेल्या भावावर कांदा आठवडाभर स्थिर राहिला, की ते रात्री आमच्याकडे जेवत नाहीत. कशावर स्थिर राहिला ते आपण शेजारच्या रकान्यात आकड्याने छापता, म्हणून तिथे वाचकाची फसगत होत नाही. माणसाच्या बाबतीत तो शेजारचा रकानाच नसतो.

वाचनात आणखी एक गोष्ट आली, ती सांगणं माझं कर्तव्य समजतो. अमेरिकेत रुग्णालयांची जी संघटना आहे, तिने बातमीदारांना रुग्णाची अवस्था कळवण्यासाठी मोजके शब्द ठरवून दिले. अजून सांगता येत नाही, चांगली, बरी, गंभीर, अत्यवस्थ अशा अर्थाचे पाच. प्रत्येकाखाली खुलासा दिला, की नाडी, श्वास, रक्तदाब ठीक आहेत का, रुग्ण शुद्धीवर आहे का. आणि स्पष्ट म्हटलं, की ‘स्टेबल’ हा शब्द अवस्था म्हणून देऊ नये, आणि इतर शब्दांना जोडूनही वापरू नये. डॉक्टर आपसांत बोलताना तो उपयोगाचा असेल, बाहेरच्या माणसाचा त्याने गोंधळ होतो. म्हणजे ज्यांची ती भाषा आहे, त्यांनाही हे कळलं. आपण मात्र ‘प्रकृती चिंताजनक पण स्थिर’ असं छापतो आणि वाचणाऱ्याने त्यातलं हवं ते अर्धं उचलायचं.

डॉक्टर मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे. तुमच्यावर किती ताण असतो ते मी त्या लाल डोळ्यांत बघितलं आहे. तुम्हाला जास्त वेळ बोलायला सवड नाही, हे मान्य. पण त्याच दहा सेकंदांत ‘औषधाच्या जोरावर बीपी टिकून आहे, धोका टळलेला नाही, लांबच्या माणसांना बोलावून घ्या’ एवढं बसतं. मी घड्याळ लावून म्हणून बघितलं आहे.

आणि आपल्याला मागणी अशी. यापुढे ‘प्रकृती स्थिर’ एवढ्यावर बातमी संपवू नका. आपल्या बातमीदाराला डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारू द्या, धोका टळला आहे का? उत्तर मिळालं तर ते छापा. नाही मिळालं तर ‘धोका टळला का, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही’ असं छापा. बातमीतला जखमी पंढरपूरचा असेल, त्याचा भाऊ हैदराबादला कामाला असेल, आणि तुमची ती एक ओळ मोबाईलवर वाचून तो आज निघायचं की उद्या, हे ठरवत असेल.

गेल्या महिन्यात वहिनींना ताप आला म्हणून दोन दिवस दाखल केलं होतं. दुसऱ्या दुपारी सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘स्टेबल आहेत.’ पुतण्या फोनवर होता, मी स्पीकर लावलेला. त्याने तिकडून विचारलं, ‘कशावर?’ सिस्टर क्षणभर थांबल्या, मग फोनजवळ येऊन म्हणाल्या, ‘कशावर नाही. सलाईन सकाळीच काढलं. ताप उतरलाय, भाकरी खाल्ली, उद्या सोडतील.’ त्याने त्यांचे आभार मानले. तरी तो सहाची हुतात्मा पकडून रात्री आला.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त डाईंग मास्तर)
साखर पेठ, सोलापूर